दार बसेपर्यंत रंगाचं नाव नको

ॲबिंग्डन, इंग्लंड
१४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेले फोटो आणि व्हिडिओ सगळे नीट पाहिले. गाडी एमजी टीडीच आहे, ती जुनी इंग्लिश दोन सीटची स्पोर्ट्स गाडी. पंधरा इंची डिस्कची चाकं, मागे उभी सपाट पेट्रोल टाकी आणि मागच्या बाजूला बिजागरी असलेली दारं, हे सगळं जुळतं. ही गाडी १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत इथे ॲबिंग्डनलाच तयार होत होती, एकूण २९,६६४ निघाल्या. फोनवर बोलून या कामाचा उलगडा होणार नाही, आणि मिस्त्री, सुतारकाका, पेंटर या तिघांनाही वाचता यायला हवं, म्हणून कागदावर लिहितोय. गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवून ठेव.

वकीलसाहेबांना गाडी दिवाळीत रंगवून हवी आहे, असं तू म्हणालास. त्यांना आजच स्पष्ट सांगून टाक की या दिवाळीत होणार नाही. लाकूड वाळायलाच उन्हाळा जाईल. रंग पुढच्या हिवाळ्यात.

तिघांनीही आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची. आपल्याकडे येणाऱ्या मारुती-टाटाच्या गाड्यांत पत्रा हीच बॉडी असते, पत्रा सरळ झाला की गाडी सरळ झाली. टीडीत तसं नाही. इथे चासी वेगळी, तिच्यावर ॲश नावाच्या लाकडाचा सांगाडा बोल्टांनी बसवलेला, आणि त्या सांगाड्यावर पत्रा चुका (बारीक खिळे) आणि स्क्रू मारून चढवलेला, उशीवर अभ्रा चढवावा तसा. आकार लाकूड धरतं, पत्रा नाही. दार लोंबतंय, मागच्या कोपऱ्यात पत्र्याला तडा गेलाय, बॉनेटची एक बाजू वर राहते, हे सगळं दिसतं पत्र्यात, पण बहुतेकाचं मूळ पत्र्याच्या आत आहे. म्हणून आधी चासी, मग लाकूड, मग दारं, मग पत्रा, आणि सगळ्यात शेवटी रंग. दाराची फट चारी बाजूंनी सारखी येत नाही तोवर पुट्टीचा डबा कुणालाही उघडू देऊ नकोस.

आता दाराचं बघू. व्हिडिओत उजवं दार पुढच्या टोकाला बोटभर खाली आलेलं दिसतं. दार अर्धं उघड, पुढच्या कडेखाली हात घालून वर उचल, आणि दुसऱ्या कुणाला तरी बिजागरीपाशी उकिडवं बसून बघायला सांग. तिथे तीनपैकी काहीतरी हलताना दिसेल. बिजागरी स्वतःच्या पिनवर खळखळली तर पिन झिजली आहे, नवी पिन करून टाकली की भागतं. बिजागरीचं पान लाकडापासून सुटून हलत असेल तर स्क्रूंची भोकं मोठी झाली आहेत. आणि पिन, स्क्रू दोन्ही घट्ट असून अख्खा खांबच बुडाशी डुलत असेल, तर खांब खालच्या लांब पट्टीत जिथे उतरतो तो सांधा कुजला आहे. दाराखालून जाणाऱ्या या पट्टीला इथे मेन साइड रेल म्हणतात. मला या गाडीत तिसरंच दिसतंय. दारातून आत आलेलं पाणी नेमकं त्या सांध्यात मुरतं, आणि बाहेरून पत्र्याचं झाकण असल्यामुळे तिथे वारा लागत नाही.

खात्रीसाठी दाभण घे. चांगल्या लाकडात दाभण जोर लावूनही जेमतेम टोकापुरती शिरते. कुजलेल्या लाकडात ती सहज आत जाते आणि बाहेर काढल्यावर टोकाला ओलसर तपकिरी भुसा चिकटलेला असतो. वाळवी लागलेली असेल तर वरचा पापुद्रा टरकन फुटतो आणि आत माती निघते. पेन्सिलीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि खाली बारीक पीठ पडलेलं दिसलं तर ते भुंगेऱ्याचं काम. साइड रेल पुढपासून मागपर्यंत दर चार बोटांवर टोचून बघ. दोन्ही खांबांचे बुड, मागची टाकी टेकते तिथली आडवी पट्टी आणि हूडचं (वरच्या घडीच्या छपराचं) कापड ज्या पट्टीला चुकांनी मारलेलं असतं ती, एवढी ठिकाणं मुळीच सोडू नकोस. टोचलेल्या प्रत्येक जागी खडूने खूण कर, चांगल्या जागेला गोल, वाईट जागेला फुली, आणि मग फोटो काढ.

फोटोत दाराखाली लोखंडी अँगल दिसतोय. कुणीतरी रेलचा कुजलेला तुकडा काढून त्याच्या जागी अँगल घातला आणि खांब त्याला जोडला. हे आपल्याकडे सर्रास होतं आणि दिसायला मजबूतही वाटतं, पण तो अँगल काढावाच लागेल. रस्त्यावर या गाडीची चासी पिळते, लाकडाचा सांगाडा तिच्याबरोबर थोडा लवतो आणि परत येतो. मध्येच एक तुकडा लोखंडाचा ताठ ठेवला की लवणं त्या तुकड्यापाशी थांबतं आणि सगळा ताण शेजारच्या पत्र्यावर येतो. मागच्या कोपऱ्यातला तडा त्यामुळेच गेलाय. तो तडा आत्ता वेल्डिंग केलास तर शेजारी दुसरा पडेल. शिवाय अँगलला चुका मारता येत नाहीत, म्हणून आधीच्या माणसाने पत्र्याला टाके मारून वेल्डिंग केलं, आणि त्या टाक्यांतून गंज सुरू झाला.

पण अँगल लगेच कापू नका. खोलायच्या आधी मोजमाप. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी, इंजिन जागेवर असू दे. इंजिन काढलं की चासीवरचा भार बदलतो आणि फटी खोटं बोलायला लागतात. मोजायची सुरुवात नेहमी बल्कहेडपासून करायची, कारण इंजिनामागची ती पत्र्याची भिंत हाच बॉडीतला न कुजणारा भाग आहे. तिच्या दोन्ही कोपऱ्यांपासून मागच्या खांबांच्या माथ्यापर्यंत तिरकी मापं घे, उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे. दोन्हींत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सांगाडा एका बाजूला झुकलाय. चासीचीही तशीच तिरकी मापं घे. चासीच वाकडी निघाली तर आधी ती. मग प्रत्येक दाराच्या तोंडात एक तिरकी लाकडी पट्टी आणि बॉडीच्या रुंदीत दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने पक्क्या कर. त्या पट्ट्या शेवटचा सांधा वाळेपर्यंत तिथेच राहतील.

बॉडी आणि चासी यांच्या मध्ये प्रत्येक बोल्टापाशी चकत्या असतात. कुठे एक, कुठे तीन. प्रत्येक बोल्टाच्या चकत्या तारेत ओवून चिठ्ठी लाव. त्या काही कचरा म्हणून घातलेल्या नाहीत, कारखान्यात दार जुळवायला त्यांचाच वापर व्हायचा. बिजागरीच्या खांबाखाली चकती वाढवली की खांब मागे कलतो आणि दाराचं पुढचं टोक वर जातं. अगदी मागच्या बोल्टाखाली वाढवली तर खांब पुढे कलतो आणि तेच टोक खाली येतं. एका वेळी एक मिलिमीटरची चकती बदल, बोल्ट आवळ, दार लावून बघ. सांधे नवे झाल्यावर दार बसवायचं ते असंच, रंधा मारून नाही. दार घासून बसवायचा मोह मिस्त्रींना होईल, त्यांना आवरावं लागेल.

लाकूड. ॲशचा गुण असा की तो लवचीक आहे, हादरा सोसतो आणि स्क्रू धरून ठेवतो. इथे ॲशचे तयार तुकडे मिळतात, पण अख्खा सांगाडा तिकडे पाठवण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे त्याच्या तोडीचं लाकूड आहे. सुतारकाका म्हणतील सागवान, आणि सागवान टिकतं, वाळवी लागत नाही हे खरंच आहे. पण ते तेलकट असल्याने त्यावर गोंद नीट धरत नाही आणि हादऱ्याच्या कामात कडेच्या स्क्रूपाशी चिरतं. बाभूळ बैलगाडीच्या चाकाला उत्तम, इथे फार जड होईल आणि त्यातलं टॅनिन लोखंडी स्क्रूला काळं पाडतं. माझं मत धामण. कुऱ्हाडीच्या, फावड्याच्या दांड्यांना धामण वापरतात ते उगीच नाही, लवचीकपणात ते ॲशच्या सगळ्यात जवळ जातं. वखारीत सरळ रेषांची, गाठ नसलेली फळी मागा. रेषा तुकड्याच्या लांबीने जायला हव्यात. मधूनच कडेला निघून जात असतील तर तो तुकडा तिथेच मोडणार.

ओलं लाकूड कापून बसवलं तर मे महिन्यात ते आकसतं आणि सांधा उघडतो. वखारवाला वाळलेलं म्हणाला तरी तेवढ्यावर जाऊ नका. तुकडे तयार मापापेक्षा पाच मिलिमीटर जाड कापून माळ्यावर मधे पट्ट्या घालून रचा, वारा खेळला पाहिजे. एक नमुना तुकडा वहिनींच्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला तोला आणि वजन लिहून ठेवा. लागोपाठ तीन आठवडे वजन बदललं नाही म्हणजे लाकूड सोलापूरच्या हवेशी जुळलं. नेमका ओलावा हवा असेल तर हातभर फळीच्या मधला दोन बोटं जाडीचा तुकडा कापून तोल, ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा वर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळव आणि पुन्हा तोल. ११० ग्रॅमचा १०० झाला तर ओलावा १० टक्के. आपल्याकडच्या हवेला १० च्या आसपास बरोबर. इथे १२ चालतो, तिकडे १२ वर बसवलेला सांधा उन्हाळ्यात हलेल.

जुने तुकडे कितीही कुजलेले असले तरी फेकायचे नाहीत, तेच साचे आहेत. प्रत्येकाची रेघ तीन मिलिमीटरच्या प्लायवर उतरवून घ्यायची, गेलेला भाग अंदाजाने जोडायचा. एका वेळी एकच बाजू खोलायची, दुसरी बाजू बघण्यासाठी शाबूत ठेवायची. पण डावीचा साचा उलटा करून उजवी कापली, असं करू नका. या बॉड्या हाताने जोडलेल्या, दोन बाजूंत चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज असतो. मागच्या कोपऱ्याचे गोल तुकडे एकाच जाड फळीतून कापले तर वळणावर रेषा तुटतात. तिथे तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या गोंद लावून साच्यात वाकवून आवळल्या तर तुकडा जास्त मजबूत होतो.

सांधे मूळचे जसे आहेत तसेच ठेवायचे: बहुतेक ठिकाणी दोन्ही तुकडे अर्धे-अर्धे कापून एकमेकांवर बसवलेले, वर गोंद आणि स्क्रू. गोंद एपॉक्सीच. फेव्हिकॉल कपाटाला ठीक आहे, पण सतत ताण असेल तिथे तो हळूहळू सरकतो आणि तापल्यावर मऊ होतो, आणि आपल्या उन्हात काळा पत्रा किती तापतो ते तुला सांगायला नको. एपॉक्सीचा सांधा कचकचून आवळायचा नाही, सगळा गोंद बाहेर निघून कोरडा राहतो. बेताने आवळून एक रात्र सोडा.

स्क्रूबद्दल सुतारकाकांना माझी हात जोडून विनंती. स्क्रू हातोडीने ठोकून शेवटचे दोन फेरे पिळायचे नाहीत. ठोकलेला स्क्रू भोवतीचे धागे तोडून आत जातो, मग त्याला धरायला काही उरत नाही, आणि बिजागरीची भोकं मोठी होतात ती यामुळेच. आधी ड्रिलने स्क्रूच्या गाभ्याएवढं भोक, वर बिनआट्याच्या भागापुरतं रुंद, मग स्क्रूला मेणबत्ती घासून स्क्रूड्रायव्हरने पिळायचा. साबण नको, साबण ओल धरतो.

गोंदाच्या आधी कीड लागू नये म्हणून औषध द्यायचं. बोरिक ॲसिड एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग, दोन्ही मिळून पाच-सहा टक्के होतील एवढं गरम पाण्यात विरघळव आणि कापून तयार झालेले तुकडे त्यात रात्रभर बुडवून ठेव. मग परत पूर्ण वाळू दे, पुन्हा काट्यावर तोलून. हे औषध वाळवी आणि भुंगेरा दोन्हींवर चालतं, फक्त पाण्यात धुऊन जातं. म्हणून जोडणी झाल्यावर प्रत्येक तुकड्याला, आणि आडव्या कापलेल्या टोकांना तर दोनदा, पातळ एपॉक्सी किंवा चांगला रंग हवा. लाकूड पाणी पितं ते टोकातून.

पत्र्याकडे येतो. हा मिस्त्रींचा प्रांत आहे आणि त्यांच्या हाताबद्दल मला काही सांगायचं नाही, फक्त या गाडीपुरतं लिहितो. जुना रंग रिमूव्हर लावून काढा. मडगार्ड, दार, बॉनेट यांना ब्लास्टिंग मुळीच नको. सपाट पत्र्यावर कण आपटले की वरचा थर ताणला जातो आणि पत्रा फुगतो, मग तो डबडब वाजत राहतो. ब्लास्टिंग चासीला करा, तेही नदीच्या वाळूने नाही. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासायचं ते पाणी लावून, कोरडं नाही.

रंग काढण्याआधी चुंबक फिरवून बघ. फ्रिजवरचं छोटं चुंबक पातळ कापडात गुंडाळ. जिथे ते सुटून पडतं तिथे खाली पुट्टी किंवा फायबर आहे. मागच्या डाव्या मडगार्डचा फुगीर भाग मला फोटोत संशयास्पद वाटतोय, तिथली गोलाई उजवीपेक्षा बोजड आहे.

गंजलेला भाग कापताना पत्रा पुन्हा पूर्ण जाडीचा लागेपर्यंत मागे जायचं. जाडी मायक्रोमीटरने मोज, साधारण २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर निघेल, काही ठिकाणी जास्त. तुकडा सीआर (साध्या कोल्ड रोल्ड) पत्र्याचा घ्या. जीआय (जस्त चढवलेला) नको, जस्त जळून जोड सच्छिद्र होतो आणि धूरही वाईट. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. कडेला कड भिडवून, एकावर एक चढवून नाही, कारण चढवलेल्या जोडात पाणी अडकतं आणि रंगाखालून रेघ दिसते. मिस्त्रींचा गॅसचा हात चांगला आहे, तोच वापरा. लहान नोझल, ज्योत समतोल, १.६ मिलिमीटरची तार. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूंना दर दोन-अडीच सेंटिमीटरवर टाका, आणि प्रत्येक टाका गरम असतानाच खाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हलके ठोका. वेल्डिंगचा जोड थंड होताना आकसतो आणि भोवतीचा पत्रा ओढून घेतो, ठोकल्याने तेवढा तो परत पसरतो. गॅसचा जोड मऊ राहतो म्हणून हे जमतं. मिग वेल्डिंगचा (विजेवर, सतत सरकणाऱ्या तारेचा) जोड कडक होतो, तो हातोडीला दाद देत नाही. आर्क तर या पत्र्याजवळ आणूच नका.

कुठे पत्रा जास्त ताणला जाऊन फुगला असेल तर उलटं करायचं. फुग्याच्या माथ्यावर रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवा, भोवती पटापट हलके ठोका, मग ओलं फडकं लावा. एका वेळी एकच ठिपका, आणि पत्रा पूर्ण थंड झाल्याशिवाय दुसरा नाही. घाई केली तर सगळं पान लाटा मारतं. मडगार्डला बोल्टापाशी चिरा असतील तर चिरेच्या टोकाला आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर वेल्डिंगच्या पुढे चीर चालतच राहते.

जोडावरची उरलीसुरली खोली मूळ पद्धतीने शिशाने भरायची असते: पत्रा घासून, कल्हई करून, ३० भाग कथील आणि ७० भाग शिसं असलेली कांडी लाकडी पट्टीने पसरवायची. हा मिश्रधातू १८३ अंशांना मऊ व्हायला लागतो आणि २५५ च्या आसपास पूर्ण पातळ होतो, मधल्या पट्ट्यात तो लोण्यावाणी वळतो. पट्टीला चरबी लावली की चिकटत नाही. काम झालं की कानशीने उतरवायचं, पॉलिश पेपरने कधीच नाही, धूळ विषारी. हे जमत नसेल तर चांगली पॉलिस्टर पुट्टी चालेल, पण दोन मिलिमीटरच्या वर नाही आणि उघड्या पत्र्यावर नाही, एपॉक्सी प्रायमरवर.

दाराचा पत्रा लाकडी चौकटीवर चढवण्याआधी त्याची आतली बाजू आणि लाकडाची बाहेरची बाजू दोन्ही रंगवून वाळवा, नंतर तिथे ब्रश पोचणार नाही. पत्र्याची कड चौकटीवर वळवताना एका फेरीत नव्वद अंश आणू नका. आधी तीस, मग साठ, मग पूर्ण, प्रत्येक वेळी अख्ख्या दाराला फिरून. धामण ॲशहून कठीण असल्यामुळे चुका वाकतील, म्हणून प्रत्येक चुकेला आधी एक मिलिमीटरचं भोक. आणि सिलिकॉन कुठेही लावू नका. साध्या सिलिकॉनमधून आंबट वास येतो ना, त्या ॲसिडने पत्रा गंजतो, आणि त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर रंगात डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

मग सगळी गाडी उघड्या पत्र्यात एकदा पूर्ण जोडायची: दारं, बॉनेट, मडगार्ड, फुटबोर्ड, टाकी, सगळं. ही पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि रंगवलेल्या मडगार्डचं भोक कानशीने मोठं करायची पाळी येते. दाराची फट चार मिलिमीटर ठेव, प्रायमर आणि रंगाने दोन्ही कडांना मिळून अर्धा मिलिमीटर जातो. मडगार्ड आणि बॉडी यांच्या मध्ये पायपिंग (फटीत बसणारी गोल कडेची पट्टी) येतं, ते आत्ताही घालूनच बोल्ट लावा, नाहीतर तेवढ्या जाडीने नंतर सगळं सरकतं. पक्कं पायपिंग मात्र रंगानंतरच.

बॉनेटला हात लावण्याआधी रेडिएटर बघा. बॉनेट चार पानांचं आहे, मधे लांब बिजागरी. त्याची पुढची कड रेडिएटरच्या कवचावर आणि मागची बल्कहेडवर टेकते, आणि रेडिएटरला बल्कहेडशी बांधणारे दोन गज असतात. त्यांचे नट फिरवले की रेडिएटरचा माथा पुढे-मागे होतो. एक बाजू वर राहते म्हणून बॉनेट ठोकायला घेण्यापूर्वी रेडिएटर सरळ उभा आहे का आणि त्याच्या खालच्या चकत्या जागेवर आहेत का ते तपासा. बहुतेक वेळा तिथेच भागतं.

पेट्रोल टाकीला मात्र गॅरेजमध्ये वेल्डिंग करायचं नाही. वर्षानुवर्षं रिकामी असली तरी आतल्या थरातून वाफ निघते आणि टाकी फुटते. गळत असेल तर नवी करून घ्या.

रंग दिवाळीनंतर महाशिवरात्रीच्या आत उरकायचा. सकाळी नऊनंतर, ऊन चढायच्या आधी, हवा वीस ते तीस अंशांत असताना. एप्रिल-मेमध्ये रंग गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि खरखरीत बसतो. पावसाळ्यात कंप्रेसरमधून पाणी येतं. वॉटर ट्रॅप कोणत्याही ऋतूत हवाच. एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग सरफेसरचे (घासून सपाट करायच्या जाड प्रायमरचे) तीन, १.७ च्या नोझलने. सरफेसरवर काळ्या रंगाची अगदी पातळ फवारणी करा आणि ३२० च्या वॉटर पेपरने लांब ठोकळ्यावर घासा. जिथे काळं राहतं तिथे खड्डा, जिथे लगेच पत्रा उघडा पडतो तिथे उंचवटा. नुसत्या हाताने पेपर धरून घासलं तर बोटांचे चर पडतात. मग ६०० ने शेवटचा हात, आणि रंगाचे तीन हात १.४ च्या नोझलने, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. रंग एकरंगी टू-के (हार्डनर मिसळायचा) घ्या, वर क्लिअर कोट नको. क्लिअरखाली ही गाडी प्लास्टिकची दिसते. मूळ रंग डॅशबोर्डच्या मागे किंवा मडगार्डच्या बोल्टाखाली सापडेल. टीडी काळ्या, लाल, हिरव्या, आयव्हरी अशा रंगांत निघायच्या. मेटॅलिकचा विषय निघाला तर वकीलसाहेबांना समजाव. टू-केच्या हार्डनरने दमा लागतो, आणि एकदा लागला की पेंटरला तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला रुमाल चालणार नाही. बाहेरून ताजी हवा देणारा मास्क घेऊन दे, पैसे मी पाठवतो.

बोल्टांबाबत एक सावधगिरी. बॉडी आणि चासीचे आटे बीएसएफ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे बारीक आटे आहेत: पाव इंचाला इंचात २६ आटे, पाच-सोळांशला २२, तीन-अष्टमांशला २०. बाजारात मिळणारा यूएनएफ, म्हणजे अमेरिकन मापाचा बोल्ट, दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला तर दोन्ही गेले. पानेही वेगळे. पाव इंची बोल्टाचं डोकं ११.३ मिलिमीटरचं असतं, त्यावर अकराचा पाना जात नाही आणि बाराचा डोकं गोल करतो. म्हणून मी इथून या तीन मापांचे टॅप-डाय, व्हिटवर्थ पाने, खाचेच्या डोक्याचे लाकडी स्क्रू, बिजागरीच्या पिना आणि पायपिंग असं एक पार्सल पाठवतोय. मडगार्ड पाठवणार नाही. जे आहेत ते मूळचे आहेत आणि मिस्त्रींच्या हातून दुरुस्त होतील. नव्यापेक्षा ते बसतातही चांगले.

तुझ्याकडून मला आता एवढंच हवंय: दाभणीने टोचून खडूच्या खुणा केलेले दोन्ही बाजूंचे फोटो, तिरकी मापं आणि बोल्टागणिक चकत्यांची संख्या. ते पाहून कोणते तुकडे बदलायचे आणि कोणते राहू द्यायचे ते मी लिहून पाठवतो. सुतारकाकांना धामणीचं विचारून ठेव, पण मापं येईपर्यंत फळी कापू नका.

आईला साष्टांग नमस्कार. शेंगाचटणी पोचली, इथल्या मित्रांनी डबा दोन दिवसांत संपवला. वहिनींना नमस्कार आणि चिमणीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. मूळचे बोल्ट, वायसर, बिजागऱ्या, अगदी वाकलेले स्क्रूसुद्धा भंगारवाल्याला देऊ नकोस. डब्यात भरून प्रत्येक डब्यावर कुठून काढले ते लिही. कोणता स्क्रू किती लांबीचा घ्यायचा हे त्यांच्यावरूनच ठरवायचं आहे.